सुरतेत राहिलेली दाढ

अक्कलदाढ हे नाव ज्याने ठेवलं त्याला ती कधी आलेली नसावी. सतराव्या-अठराव्या वर्षानंतर, म्हणजे आपण कॉलेजच्या पायऱ्या झिजवीत असतो त्याच दिवसांत, ती उगवते. तोवर बाकीच्या अठ्ठावीस जणांनी जबड्यातली सगळी जागा वाटून घेतलेली असते. मग भरलेल्या एस. टी. त शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्या म्हातारीप्रमाणे ही कोपऱ्यात कुठेतरी तिरकी उभी राहते आणि शेजारच्याला कोपर मारीत राहते. गुजरातीत तिला 'डहापणनी दाढ' म्हणतात, म्हणजे शहाणपणाचीच. इंग्रज लोकही तेच म्हणतात. शहाणपणाच्या बाबतीत इतक्या निरनिराळ्या मुलखांतल्या लोकांचं दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

आमची दाढ गेल्या मे महिन्यात सुरतेत उठली आणि सुरतेतच राहिली. बेळगावात के. एल. ई. चं दंतवैद्यक महाविद्यालय असताना तू दाढ काढायला गुजरातेत कशाला गेलास, असं कानडी विभागातल्या आमच्या एका मित्राने विचारलं. ('हल्लु नोवु' एवढे दोन शब्द त्याने आम्हाला यानिमित्ताने शिकवले. आमच्या कानडीत एकदम दोन शब्दांची भर पडली.) दाढ काढायला कोणी सुरतेला जात नाही. आम्ही मामाकडे आमरस खायला गेलो होतो. दाढ सोबत आली.

मामा मूळचा वडगावचा. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा टापू. घराघरांत माग, पहाटेपासून खडखडाट. आजोबांचे दोन माग बसले तेव्हा मामाने सुरतेची गाडी धरली, त्याला आता वीस वर्षं झाली. तिथे लिंबायतमध्ये त्याची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. लिंबायत, उधना, डिंडोली या बाजूला मराठी माणूस इतका आहे की पाट्या गुजरातीत असल्या तरी भांडणं अहिराणीत ऐकू येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या उधना-जळगाव रेल्वेने इथे उतरली आणि माग, डाइंगच्या मिली, साड्यांची दुकानं यांत सामावून गेली. मामाच्या गल्लीत शिरपूरच्या एक आजी राहतात. बेळगावची मराठी आणि त्यांची अहिराणी यांच्यामध्ये दुभाषा म्हणून मामीच्या मुलांना उभं करावं लागतं.

पोहोचल्याच्या तिसऱ्या रात्री कानापासून हनुवटीपर्यंत कोणीतरी खिळा ठोकतोय असं वाटून आम्ही उठून बसलो. मामीने दिवा लावला, डब्यातून लवंग काढली आणि म्हणाली, "दाढेखाली धर, चावून रस लावून घे." दहा-पंधरा मिनिटांत तिथलं मांस बधिर झालं. हा गुण लवंगेतल्या युजेनॉल नावाच्या द्रव्याचा. मराठीत लवंग, कानडीत लवंग, गुजरातीत लविंग. दातदुखीपुरता भाषावाद मिटलेला आहे. आणि लवंगेचं सुरतेशी नातं जुनं आहे. सतराव्या शतकात डच लोक मोलुक्का बेटांतली लवंग या बंदरात आणून विकत असत. तिथला सर्वांत धनाढ्य व्यापारी विरजी व्होरा मिरी-लवंगांचे सौदेच्या सौदे उचलायचा. शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरत लुटली तेव्हा त्याचा वाडा आणि वखारीही सुटल्या नाहीत. पुन्हा 1670 साली महाराज आले. एवढ्या दोन स्वाऱ्यांच्या बदल्यात सुरतेने आमची एक दाढ ठेवून घेतली, तर व्यापाऱ्यांचं गाव असूनही व्यवहार स्वस्तातच झाला म्हणायचा.

पण लवंगेचा अंमल तासभराचा. तो उतरला की खिळा परत. सकाळी मामा रात्रपाळीवरून आला, आमचा गाल पाहिला आणि कपडेही न बदलता आम्हाला घेऊन निघाला.

दातांच्या डॉक्टरीणबाई गुजराती. मोडकंतोडकं मराठी बोलत होत्या. त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला: खालची, उजवीकडची, पुढच्या दाढेच्या अंगावर रेललेली. ही सरळ होणार नाही, काढायची. मग एक इंजेक्शन. खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला, जिथे दातांची नस हाडात शिरते, तिथे बरोबर ते द्यायचं असतं. पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आमच्या मालकीची राहिली नाही. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी जे काही केलं त्याचा दाब कळत होता, आवाज तर फारच कळत होता (हाडातून येणारा आवाज कान झाकून बंद होत नाही), पण दुखलं म्हणाल तर नाही. दोन टाके घातले. दाढ पाहायची का, असं विचारलं. पाहिली. एवढ्याशा वस्तूने एवढं केलं यावर विश्वास बसेना.

हे न दुखणं माणसाला फार उशिरा मिळालं. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतः हुंगला आणि आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःचीच अक्कलदाढ उपटून घेतली. दुखलं नाही. पुढच्या महिन्यात बोस्टनला मोठमोठ्या डॉक्टरांपुढे त्याने तो प्रयोग केला तेव्हा रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. 1846 मध्ये मॉर्टनने ईथर देऊन तिथेच बाजी मारली आणि कीर्ती त्याच्या पदरात पडली. 1884-85 च्या सुमारास हॉल्स्टेडने कोकेन टोचून जबड्याची तेवढीच नस बधिर करून दाखवली. कोकेनचं व्यसन लागे, आणि खुद्द हॉल्स्टेडलाही ते लागलं. 1943 मध्ये स्वीडनच्या लोफग्रेनने लिग्नोकेन तयार केलं. आमच्या ओठाला पाहुणा करून टाकणारं औषध तेच. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला दंतवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय काढलं. म्हणजे ही विद्या शिकलेली माणसं आपल्याकडे तयार होऊ लागून पुरती सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. त्यापूर्वी आपल्या पणजोबांची दाढ बाजारात बसलेल्या वैदूने चिमट्याने काढली असेल. पणजोबा काय म्हणाले असतील ते इथे छापता येणार नाही.

मात्र या सगळ्या थोर माणसांनी जो प्रश्न सोडवला तो त्या खुर्चीवरच्या अर्ध्या तासाचा. खरं दुखणं आपण घरी पोहोचल्यावर येतं. तिथे डॉक्टर नसतात, एक कागद असतो.

आमचा कागद गुजरातीत होता. गुजराती अक्षरं म्हणजे डोक्यावरची रेघ काढून ठेवलेलं देवनागरी. चार-दोन अक्षरं सोडली तर हळूहळू वाचता येतं. कागद देताना डॉक्टरीणबाईंनी बोट वर करून एक गोष्ट सांगितली, ती आम्ही कागदापेक्षा जास्त लक्षात ठेवली. त्या म्हणाल्या, गुडघा फुटला की खपली धरते ना, तशीच तोंडातही धरते. फरक एवढाच की ती ओली असते. दाढ निघाली त्या खड्ड्यात रक्त साकळून त्याचा गोळा होतो आणि तोच खालच्या उघड्या हाडाचं पांघरूण. तो गोळा जागेवर राहिला तर सात-आठ दिवसांत त्यात नवं मांस धरायला लागतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते, आणि आत हाड भरायला पुढे काही महिने लागतात. "एनुं ध्यान राखजो," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

कागदावरचं सगळं त्या एका गोळ्यासाठी होतं, हे मग कळत गेलं. कापसाची घडी पाऊण तास दाताखाली दाबून धरायची आणि दर दोन मिनिटांनी काढून बघायची नाही. थुंकायचं नाही. हे फार कठीण. तोंडात रक्ताची चव असताना ते गिळायचं हे आपल्या सगळ्या संस्कारांच्या विरुद्ध आहे. पण थुंकताना तोंडात जी ओढ बसते तिने गोळा उचकटतो. त्याच कारणाने नळीने काही ओढून प्यायचं नाही. चोवीस तास चूळ भरायची नाही. गरम चहा नाही. त्याने रक्त पुन्हा सुरू होतं, आणि बधिर ओठ भाजला तरी कळत नाही. विडी-सिगारेट-तंबाखू नाही. जिभेने खड्डा चाचपायचा नाही. जिभेला मात्र त्या दिवसांत दुसरा उद्योगच सुचत नाही.

थोडक्यात, काहीही करायचं नाही. आणि एका खोलीच्या घरात सहा माणसांनी एका आजाऱ्याकडे पाहत काहीही न करणं हे किती अवघड असतं! मामी लवंग घेऊन पुन्हा हजर झाली. शिरपूरच्या आजी "दुखस का रे भाऊ?" असं विचारीत आल्या आणि गरम मिठाच्या पाण्याच्या चुळा आत्ताच्या आत्ता भरायला सांगून गेल्या. समोरच्या घरातून तुरटी आली. मामाचा एक मित्र खड्ड्यात तंबाखू दाब म्हणाला, जंतू मरतात. आणखी एकाने अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवून द्यायचा सल्ला दिला. ती तिथे ठेवली की हिरडी भाजते आणि पोटात घेतली तर रक्त पातळ करते, म्हणजे या कामाला दोन्ही बाजूंनी निकामी. आम्हाला बोलायची बंदी असल्यामुळे आम्ही प्रत्येकाला कागद दाखवीत होतो. पण तो वाचायचा कोणी? शेवटी मामीची थोरली मुलगी, जी गुजराती शाळेत जाते, दारात बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो मोठ्याने वाचून दाखवू लागली. तिचा आवाज आमच्या मुख्याध्यापकांसारखा होता.

गोळ्यांबद्दल एक युक्ती डॉक्टरीणबाईंनीच सांगितली होती आणि ती लाखमोलाची आहे. बधिरपणा दोन-चार तासांनी उतरतो. तो उतरल्यावर कळ आली की गोळी घ्यायची नाही. तो उतरायच्या आधीच, काहीतरी खाऊन, पहिली गोळी घ्यायची. कळ एकदा चढली की तिला खाली आणायला औषधाला फार धावावं लागतं. आमची गोळी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची, ठरलेल्या तासांनी दोन दिवस. त्यानंतर लागली तरच. ज्यांना अल्सरचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे कागदावर ठळक होतं आणि इथेही ठळक समजावं.

पहिल्या दिवशी बर्फ. पंधरा-वीस मिनिटं गालावर, तेवढाच वेळ सुट्टी, पुन्हा गालावर. बर्फ आमच्या गोळेवाल्याकडून आला. त्याने पैसे घेतले नाहीत, पण रंग कोणता टाकू असं विचारलं. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. एरवी मोठं बोर गालात धरल्यासारखा चेहरा पाहून घाबरलोच असतो. जबडाही आखडतो, दोन बोटं मावतील एवढंच तोंड उघडतं. चोवीस तास झाल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून ते तोंडात घ्यायचं, मान कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं, खळखळ नाही. शिरपूरच्या आजींना आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळालं.

खाण्याच्या बाबतीत मात्र दाढ काढायला सुरतेसारखं गाव नाही. एक तर मे महिना. 'केरीनो रस' म्हणजे आमरस, थंड, वाटीतून, चमच्याने. बाकीचे पुऱ्या मोजत होते, आम्ही वाट्या. दुसरा लोचो. चण्याच्या डाळीचं पीठ उकडून केलेला हा पदार्थ खमणाचा बिघडलेला भाऊ आहे. पीठ सैल झालं, खमण बसलं नाही, आणि जो घोटाळा झाला त्यालाच लोचो म्हणून विकायला सुरुवात झाली, असं तिथले लोक सांगतात. दात नसलेल्या माणसासाठी याहून योग्य घोटाळा सापडणार नाही. फक्त वरची शेव, कांदा आणि तिखट मसाला मामी चमच्याने बाजूला काढायची आणि निवू द्यायची. शेवेचा एक कण त्या खड्ड्यात गेला तर काय होतं ते सांगायला नको. तिसरा कोल्ड कोको. घट्ट, गारेगार, चॉकलेटचा. दुकानदार त्यात नळी खोचून देतो. ती परत करून चमचा मागितला तेव्हा त्याने एकदा आमच्या गालाकडे पाहिलं आणि न बोलता चमचा दिला. त्याच्याकडे आमच्यासारखे पुष्कळ येत असावेत.

सातव्या दिवशी टाके निघाले. आठव्या दिवशी आम्ही डाव्या बाजूने पुरी खाल्ली. हे सगळं पाहून मामाने विचार बदलला. त्याची खालची डावीकडची दाढ दोन वर्षं किडलेली होती. रात्री ठणकली की तो त्या बाजूला तंबाखूची गोळी धरायचा. वडगावात होता तोवर निपाणीची, इथे आल्यावर चरोतरची. "भाच्याला काय झालं नाही, मग मला काय होतंय," असं म्हणून तो त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला. खुर्ची तीच, इंजेक्शन तेच, कागदही तोच. आमच्यापेक्षा लवकर, दहा मिनिटांत निघाली. घरी आम्ही त्याला कागद ओळीने वाचून दाखवला. त्याने मान डोलावली, दुपारभर झोपला आणि संध्याकाळी सातला पाळीवर गेला.

मामाकडे आठ माग असतात. सात ते सात, बारा तास. पैसे मीटरवर. कारागीर आला नाही तर त्या दिवसाचं काही नाही, आणि दोन दिवस आला नाही तर शेठ बदली माणूस उभा करतो. तो माणूस चांगला निघाला तर मग माग परत मिळतीलच असं नाही. आम्ही एकदा त्याच्यासोबत आत गेलो होतो. दोन माणसं हातभर अंतरावर उभी असली तरी खुणांनी बोलतात. तिथे रात्री दोन-तीन वाजता डोळे मिटायला लागतात तेव्हा बहुतेक जण तोंडात काहीतरी धरतात. झोप उडते आणि घशात जाणाऱ्या सुताच्या फुपाट्यावर थुंकून टाकल्यासारखं वाटतं. मामाने पहिली रात्र काढली. दुसऱ्या रात्री त्याने तंबाखू घेतली, पण उजव्या गालात. "कागदात बाजू लिहिली नव्हती," असं तो नंतर म्हणाला, आणि ते खरं होतं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता दार वाजलं. मामी दचकून उठली, कारण वीस वर्षांत मामा पाळी अर्धी टाकून घरी आलेला नव्हता. तो उंबऱ्यात बसला. एका हाताने कान दाबून धरलेला. हा माणूस एरवी बोट मागात सापडलं तरी चिंधी बांधून काम करणारा. तो म्हणाला, "दाढ काढली ती बरोबर काढली काय गं? दुखालंय ते तिथंच, पण कानातनं येतंय." गोळी घेतली, उतरेना. दुसरी घ्यायला वेळ झाला नव्हता. मामी त्याच्या पाठीवर हात फिरवीत राहिली, मुलं जागी होऊन पांघरुणातून बघत राहिली. पहाटे तो पडवीत जाऊन उभा राहिला, कारण आडवं झालं की ठणका वाढत होता. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही ते पाहिलं हे त्याला कळू दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आरशाने पाहिलं आणि एका क्षणात सांगितलं, गोळा गेला. खड्ड्यात रक्त नव्हतं, तळाला पांढुरकं हाड दिसत होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने 1896 मध्ये याचं पहिलं वर्णन केलं, पण ते होत असणार माणूस दाढा उपटायला लागला तेव्हापासून. खालच्या दाढांना जास्त होतं, तंबाखू आणि धूर घेणाऱ्यांना त्याहून जास्त. कधी कधी सगळं पाळूनही होतं. दाढ काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे दुखणं उतरायचं त्याच वेळी, ते उलट चढतं, कानापर्यंत जातं आणि तोंडाला घाण चव येते. ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. अशा वेळी घरी गोळ्यांवर गोळ्या खात बसू नये, दवाखान्यात परत जावं.

त्यांनी खड्डा सलाइनने धुतला आणि एक औषधी पट्टी आत भरली. खोलीभर वास पसरला. मामीने नाक वर केलं, दोनदा वास घेतला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "लवंग?" हो, लवंगेच्या तेलातलंच, युजेनॉल. मामीने आमच्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करणं आम्हाला शक्य नाही. वास्तविक ताज्या जखमेवर लवंग ठेवणं वेगळं आणि मोजून केलेलं हे औषध उघड्या हाडावर भरणं वेगळं, हे आम्ही तिला घरी आल्यावर समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेजारी मात्र तिने आपल्या पद्धतीने सांगितलं. अर्ध्या तासात मामाचा ठणका निम्म्यावर आला आणि तो खुर्चीवरच झोपला.

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला उठवून एक प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी कोणी विचारला नव्हता: पाळी किती वाजता? त्यांनी जुन्या कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि त्यावर वेळा लिहिल्या. सात वाजता जेवून पहिली गोळी, रात्री एकला डब्यातलं काहीतरी खाऊन दुसरी, सकाळी सुटल्यावर तिसरी. पाण्याची बाटली जवळ. झोप येईल तेव्हा तोंडावर पाणी मारायचं. तंबाखू दोन्ही गालांत बंद, हे त्यांनी अधोरेखित केलं. तो कागद मामाने नीट घडी करून खिशात ठेवला. पहिला त्याने कुठे ठेवला होता ते त्याला आठवत नव्हतं.

पट्टी तीनदा बदलावी लागली. मामाच्या अडीच पाळ्या बुडाल्या. आम्ही हिशेब मांडून म्हटलं की आधीच दोन दिवस घरी बसला असतास तर दोनच बुडाल्या असत्या आणि दुखणंही वाचलं असतं. मामा म्हणाला, "ते तुझं गणित. दोन दिवस बसतो म्हणून आधी सांगितलं असतं तर शेठनं बदली ठेवला असता. मधनंच उठून आलो, कान धरून, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. म्हणून माग ठेवले." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलं आहे.

आम्हाला ती गोष्ट अजून सलते. आम्ही सात दिवस आमरस खात लोळत होतो तेव्हा आमचं घरी नसणं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कॉलेज बंदच होतं. 'विश्रांती घ्यावी' हे आमच्या कागदावरचं दोन शब्दांचं वाक्य आम्ही वाचून सोडून दिलं होतं, इतकं ते सोपं होतं. त्याच कागदावरचं तेच वाक्य मामाच्या बाबतीत सर्वांत महाग औषध ठरलं, आणि ते कोणत्याच दुकानात मिळत नव्हतं. दंतवैद्यांनी दोनशे वर्षांत खुर्चीवरचं दुखणं जवळपास संपवलं, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पण ज्याला बसता येत नाही त्याने कसं बरं व्हायचं, हे त्या पाठकोऱ्या कागदाइतकं स्पष्ट आम्ही दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. तो कागद छापील कागदाच्या पुढच्या बाजूला असायला हवा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत निघालो. तोवर आमची हिरडी जवळपास मिटली होती. मामाचा खड्डा अजून दिसत होता, पण दुखत नव्हता. स्टेशनवर तो आम्हाला सोडायला आला तो थेट पाळीवरून, केसांत सूत तसंच. गाडीत खायला म्हणून त्याने चण्या-शेंगदाण्यांची पुडी दिली, मग आठवण होऊन परत घेतली आणि केळी आणून दिली. परवा फोनवर तंबाखूचं विचारलं. सुटली का म्हटलं. "निम्मी," म्हणाला. मामीने मागून ओरडून सांगितलं, पाव.